जळगाव-धुळ्याहून विमान परवडतं की रेल्वे? तिकिटाच्या किमतीपलीकडचा हिशेब

जळगावहून मुंबईला विमानानं सव्वा-दीड तास लागतो आणि रेल्वेनं साधारण सात तास. विमानाच्या तिकिटाची किंमतही योजनेतली जागा मिळाली तर टू एसीच्या तिकिटापेक्षा दुप्पट-तिप्पट, त्याहून फार नाही. एवढं वाचलं की विमानच बरं, असं वाटतं. तरीही जळगाव स्टेशनवर रात्री अकराच्या सुमारास गेलात तर मुंबईच्या गाडीची वाट बघणाऱ्यांनी फलाट भरलेला दिसतो. त्यातल्या अनेकांना विमानाचं तिकीट परवडतं. मग ते गाडीनं का जातात?

त्याचं कारण असं की "किती तास लागतात" हा प्रश्नच अर्धवट आहे. दिवसातले कामाचे किती तास जातात, पोचल्यावर रात्र कुठे काढायची, आणि गाडी किंवा विमान रद्द झालं तर पुढे काय, हे तीन प्रश्न त्यात धरावे लागतात. ते धरले की वेगवेगळ्या शहरांसाठी वेगवेगळी उत्तरं येतात. मुंबईला जाण्यासाठी एक, हैदराबादसाठी दुसरं, आणि धुळेकरांसाठी तर तिसरंच.

आधी जळगावच्या विमानाची गोष्ट

जळगावचं विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, कुसुंब्याजवळ, अजिंठ्याच्या रस्त्यावर आहे. धावपट्टी जुनीच होती. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील मूळच्या जळगावच्या. त्यांच्या कारकिर्दीत तिचं रूप पालटलं आणि मार्च २०१२ मध्ये त्यांच्याच हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं. पण विमानतळ झालं म्हणजे विमान येतंच असं नाही. नियमित प्रवासी विमानासाठी जळगावकरांना आणखी पाच वर्षं थांबावं लागलं.

विमान आलं ते 'उडान' योजनेमुळे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ही योजना आणली. लहान शहरांतून सुटणाऱ्या विमानात साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमाल दरात द्यायच्या, त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकारनं भरून द्यायची, आणि त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कंपनीला उतरू द्यायचं नाही, अशी तिची रचना आहे. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी हा कमाल दर २,५०० रुपये धरला होता. पुढे तो महागाई आणि इंधनाच्या दराप्रमाणे बदलत गेला.

यातला 'निम्म्या जागा' हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. योजनेतल्या जागा भरल्या की उरलेल्या जागा बाजारभावानं विकल्या जातात. म्हणून शेजारच्या काकांनी महिनाभर आधी काढलेलं तिकीट आणि तुम्ही परवा काढलेलं तिकीट यांत दुपटीचा फरक पडतो, आणि "उडानमध्ये स्वस्त असतं म्हणे" हे वाक्य खरंही ठरतं नि खोटंही.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १८-१९ आसनांचं छोटं विमान जळगाव-मुंबई मार्गावर सुरू झालं. काही महिन्यांतच ते थांबलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटनं मोठं, ७० आसनांच्या आसपासचं एटीआर विमान आणलं. मुंबई आणि अहमदाबाद दोन्ही जोडले गेले. मग कोरोना आला, आणि २०२२ च्या सुरुवातीला त्या कंपनीची उड्डाणंच बंद पडली. त्यानंतर पुन्हा खंड. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय-९१ नं गोवा-जळगाव-हैदराबाद सेवा सुरू केली, पाठोपाठ पुणे आलं. जून २०२४ मध्ये अलायन्स एअरनं मुंबई पुन्हा जोडली.

म्हणजे सात वर्षांत चार कंपन्या. हा जळगावच्या नशिबाचा भाग नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे 'कॅग'नं, २०२३ च्या अहवालात 'उडान'च्या पहिल्या तीन फेऱ्या तपासल्या. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालंच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि अनुदान संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग मार्च २०२३ मध्ये फक्त ५४ होते.

प्रवाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे. जळगावचं विमान ही आज असलेली सोय आहे, ते कायमचं धरून चालू नये. मुलाचं पुण्यातलं चार वर्षांचं कॉलेज किंवा स्वतःची दर आठवड्याची नोकरी त्या विमानाच्या भरवशावर ठरवायची असेल तर दहादा विचार करा. एखाद्या प्रवासासाठी मात्र वेळापत्रक बघून खुशाल वापरा. कोणत्या वारी कुठलं विमान आहे हे हंगामानुसार बदलतं. नवं वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर लागू होतं, त्यामुळे जुन्या फॉरवर्ड मेसेजवर न जाता कंपनीच्या साइटवरच बघा.

मुंबई: इथे रेल्वे का टिकून आहे

जळगाव ते मुंबई सीएसएमटी हे रेल्वे अंतर ४२० किलोमीटर. मुंबईहून हावड्याकडे आणि दिल्लीकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर जळगाव येतं, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. भुसावळसारखं मोठं जंक्शन २४ किलोमीटरवर आहे.

आता एक प्रवास घराच्या दारापासून मोजून बघू. समजा जळगावहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचं आहे. खान्देशातून असे प्रवास रोज होतात, म्हणून हेच उदाहरण घेतो.

विमानानं: घरून विमानतळ वीस-पंचवीस मिनिटं. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड तास आधी पोचायचं. उड्डाण सव्वा-दीड तास. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून परळ, वाहतुकीप्रमाणे पाऊण ते दीड तास. बेरीज साडेचार ते सव्वापाच तास. विमान वेळेवर निघालं तर.

रेल्वेनं: स्टेशन शहरातच आहे. रात्री अमरावती एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेससारखी गाडी पकडली तर सकाळी दादरला उतरता येतं आणि दादरहून परळ एका स्टेशनवर. बेरीज आठ तास. पण त्यातले सहा तास झोपेत जातात. दिवसातला कामाचा वेळ मोजला तर रेल्वे तास-दीड तास घेते आणि विमान साडेचार.

विमान संध्याकाळी मुंबईत उतरत असेल तर आणखी एक खर्च वाढतो: रात्रीची खोली. रुग्णालयाची ओपीडी सकाळी असते. नातेवाईक मुंबईत असतील तर प्रश्न नाही, नसतील तर खोलीचं भाडं विमानाच्या तिकिटातच धरा. रात्रीच्या गाडीत बर्थ हीच खोली असते. स्लीपरचं तिकीट तीनशेच्या आसपास आणि थ्री एसीचं आठशेच्या आसपास. त्यात प्रवास आणि मुक्काम दोन्ही आलं.

कर्करुग्णांसाठी आणखी एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे बरेच जण पूर्ण पैसे भरतात. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीमध्ये भाड्यात १०० टक्के सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली ती बंदच आहे.

मग मुंबईसाठी विमान कोणाला? ज्याला दुपारची एक बैठक उरकायची आहे आणि कंपनी भाडं देते त्याला. कमरेच्या दुखण्यामुळे सात तास गाडीत पडून राहणं ज्याला जमत नाही त्यालाही. पण एटीआर विमानात शिडीनं चढावं लागतं, थेट दारापर्यंत नेणारा पूल नसतो. व्हीलचेअर आणि चढायला मदत हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंद करा. आणि ज्याला गाडीचं पक्कं तिकीट मिळालेलं नाही, त्यालाही विमानच. हे शेवटचं कारण सर्वात मोठं आहे. रेल्वेचा हा सगळा हिशेब बर्थ पक्का असेल तरच खरा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर आदल्या दिवशी तत्काळ, एसीसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला. ऑनलाइन वेटिंग तिकीट शेवटपर्यंत पक्कं झालं नाही तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर डब्यात चढता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात 'रेल्वे की विमान' ही तुलना फार वेळा 'विमान की काहीच नाही' अशी होऊन बसते.

पुणे, गोवा, हैदराबाद: जिथे रूळ वळसा घालतात

पुण्याला जाताना गाडी मनमाडहून खाली अहिल्यानगर, दौंड असा वळसा घेते. आझाद हिंद किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आठ-नऊ तास जातात. म्हणून वर्षानुवर्षं जळगावचे विद्यार्थी रात्रीच्या खासगी स्लीपर बसनं पुणे गाठत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर (अजनी)-पुणे वंदे भारत सुरू झाली आणि ती जळगावला थांबते. पुण्यापर्यंत साधारण सहा तास. विमान तासाभराचं, पण लोहगावातून पिंपरी किंवा हिंजवडीला जायचं असेल तर पुण्यातल्या वाहतुकीतच तास-सव्वा तास जातो. घर ते घर मोजलं तर विमान दीड-दोन तास वाचवतं. तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते पुण्यासाठी सामना बरोबरीचा आहे.

गोव्यात तसं नाही. दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस याच मार्गानं जाते, पण इथून गोव्यात पोचायला तिला वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे चार दिवसांच्या सहलीतले जवळपास दोन दिवस गाडीत. हैदराबादसाठी तर नेहमीचा रस्ता असा की मनमाडला जायचं आणि तिथून अजिंठा एक्स्प्रेस पकडायची. गाडी बदलणं, मधला थांबा आणि रात्र धरून पंधरा तास सहज जातात. विमान हे सव्वा-दीड तासात करतं.

विमानाचा फायदा किलोमीटरवर ठरत नाही, तो रुळांच्या नकाशावर ठरतो, हे इथे दिसतं. जिथे थेट आणि रात्रीची गाडी आहे तिथे विमानाला फार काही वाचवता येत नाही. जिथे गाडी बदलावी लागते तिथे ते अख्खा दिवस वाचवतं. अहमदाबाद या दोन्हींच्या मधलं. सुरत मार्गे नवजीवन, हावडा-अहमदाबाद अशा थेट गाड्या आहेत, आठ-नऊ तासांत पोचवतात, पण त्यांच्या वेळा प्रत्येकाला सोयीच्या नाहीत.

युरोपात हाच वाद आहे. तिथे स्वस्त विमान कंपन्या इतक्या माजल्या की लंडनहून मिलानचं तिकीट शहरातल्या टॅक्सीपेक्षा स्वस्त मिळू लागलं. पण ती विमानं अनेकदा शहरापासून दूरच्या विमानतळावर उतरतात. 'पॅरिस' म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे, आणि 'फ्रँकफर्ट-हान' फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर. वर सामानाचे पैसे वेगळे. उलट लंडन-पॅरिस रेल्वे सव्वादोन तासांत भर शहरात सोडते. तिथला अनुभव सांगतो की गाडीला तीन तासांच्या आत लागत असतील तर विमान हरतं. फ्रान्सनं तर २०२३ पासून, जिथे रेल्वेनं अडीच तासांत जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवर विमानांना बंदीच घातली. आपल्याकडे गाडी सात तास घेऊनही टिकते ती वेगामुळे नाही, रात्रीच्या बर्थमुळे. युरोपात रात्रीच्या शयनगाड्या मधल्या काळात बऱ्याच बंद पडल्या आणि आता काही मार्गांवर पुन्हा सुरू होत आहेत.

धुळेकरांचं काय?

धुळेकरांसाठी जळगावचं विमानतळ हेच त्यांचं बोव्हे. रस्त्यानं नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, म्हणजे दोन तास आधीच गेले. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, प्रवासी विमान नाही. दुसरा पर्याय नाशिकचं ओझर. ते १४० किलोमीटरच्या आसपास आहे, पण रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा आणि तिथून दिल्ली, बंगळूर, हैदराबादसारख्या शहरांना विमानं असतात. तिसरा छत्रपती संभाजीनगर, त्यासाठी चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट चढावा लागतो. दिल्ली किंवा दक्षिणेकडे जायचं असेल तर धुळेकरांनी जळगावच्या आधी ओझरचं वेळापत्रक बघावं. अंतर थोडं जास्त, पण विमान हुकलं तर दुसरं मिळायची शक्यताही जास्त.

मुंबईसाठी धुळ्याहून विमान हा पर्याय जवळजवळ बादच आहे. जळगावला जाण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात बस नाशिकच्या जवळ पोचते. रेल्वेचं म्हणाल तर चाळीसगाव-धुळे ही ५६ किलोमीटरची शाखा शंभर वर्षांहून जुनी. पूर्वी मुंबईसाठी काही डबे चाळीसगावला मोठ्या गाडीला जोडले जात. २०२३ मध्ये धुळ्याहून मुंबईची थेट एक्स्प्रेस सुरू झाली. ती सकाळी निघून दुपारी पोचते. सामान घेऊन, म्हातारी माणसं घेऊन जायला उत्तम. पण सकाळच्या ओपीडीसाठी ती उपयोगाची नाही. चाळीसगावहून रात्रीची गाडी पकडता येते, मात्र परत येताना मुंबईच्या रात्रीच्या गाड्या चाळीसगावला मध्यरात्रीनंतर सोडतात आणि धुळ्याला जायला पहाटेपर्यंत फलाटावर बसावं लागतं. म्हणून धुळ्यात अजून रात्रीच्या बसचंच राज्य आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, हेही त्याचं एक कारण.

रद्द झालं तर

जळगावची धावपट्टी सुमारे १,७५० मीटरची आहे, म्हणजे एटीआरसारखी लहान विमानंच इथे येतात. एकच विमान दिवसभर तीन-चार शहरं फिरत असतं. सकाळी गोव्यात किंवा मुंबईत उशीर झाला की तो जळगावपर्यंत साचत येतो. आणि मोठ्या शहरात रद्द झालेल्या विमानाऐवजी दोन तासांनी दुसरं मिळतं, इथे ते परवा असू शकतं. विमानाच्या दिवशी रात्रीच्या गाडीला जागा आहे का, हे आधी बघून ठेवा.

नियम काय सांगतात? विमान कंपनीनं रद्द केलं तर तुम्ही पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान, दोन्हींतलं एक मागू शकता. दोन आठवडे आधी कळवलं नसेल तर काही अटींवर भरपाईही मिळते: एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम. म्हणजे स्वस्त तिकिटावर भरपाई तिकिटाएवढीच. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तीही नाही. आणि एक अट फार जणांना नडते: बुकिंगमध्ये तुमचा संपर्क क्रमांक नसेल तर भरपाई मागता येत नाही. एजंटकडून तिकीट काढताना त्याचा नाही, तुमचा मोबाइल नंबर टाकायला लावा. रद्द झाल्याचा मेसेजही त्याच नंबरवर येतो.

रेल्वेत गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरा, पूर्ण परतावा मिळतो. गाडी निघून गेल्यावर भरून उपयोग नाही.

मुंबईहून परदेशी विमान पकडायचं असेल तर जळगाव-मुंबई तिकीट वेगळं आणि परदेशाचं वेगळं काढून एकाच दिवशी गाठायचा मोह टाळा. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं हुकलं तर दुसरी कंपनी तुम्हाला काही देणं लागत नाही. तिकीट एकाच बुकिंगमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आदल्या रात्रीच्या गाडीनं निघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे, त्यामुळे तिकिटावर कुठलं विमानतळ लिहिलंय ते नीट वाचा. नवी मुंबईसाठी सीएसएमटीपर्यंत न जाता कल्याण किंवा ठाण्यालाच उतरलेलं बरं.

सामान हा शेवटचा मुद्दा, पण खान्देशात तो लहान नाही. या विमानांत सहसा १५ किलो चेक-इन आणि ५ ते ७ किलो हातात एवढंच चालतं, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत ४० किलोपर्यंत मोफत. मुलीकडे जाताना भरताची वांगी, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, केळीचा एखादा घड आणि लोणच्याची बरणी नेणाऱ्या आईला १५ किलो म्हणजे काहीच नाही. त्यात तेलाचं लोणचं हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत अडतं, सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. असं सामान असेल तर तिकीट बघायच्या आधी वजनकाटा बघा.

पुढच्या काही वर्षांत यातलं सर्वात जास्त धुळ्याचं गणित बदलेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. मालेगाव, धुळे, शिरपूर यांना जोडणारी ही लाइन झाली की धुळं शाखेच्या टोकावरून थेट मार्गावर येईल, आणि मुंबईची रात्रीची गाडी गाठायला चाळीसगावच्या फलाटावर पहाट काढावी लागणार नाही.